पंडिता रमाबाईंची मंडळी

डिसेंबर उजाडला की पुण्यातील चर्चच्या आवारांत लगबग सुरू होते. गुरुवार पेठेत पंचहौदाजवळचे पवित्र नाम देवालय, कसब्यातील ब्रदर देशपांडे स्मारक चर्च, क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च, लष्कर भागातील जुनी दगडी मंदिरे. सगळीकडे चित्र साधारण सारखेच असते. संध्याकाळी नाताळगीतांच्या तालमी चालतात. तरुण संघाची मुले शिडीवर चढून चांदण्या बांधतात, संडे स्कूलच्या बाई गव्हाणीच्या देखाव्यासाठी पेंढा शोधत फिरतात. महिला मंडळाच्या बैठकीत करंज्या किती, केक किती याबरोबरच कोणत्या अनाथालयाला धान्य द्यायचे, कोणत्या वृद्धाश्रमात गाणी म्हणायला जायचे, याचाही हिशेब होतो. या कामाचा कुणाला पगार मिळत नाही. दिवसभराची नोकरी आटोपून माणसे येतात, रात्री उशिरापर्यंत राबतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या या निरपेक्ष सेवेचा विचार करताना एका स्त्रीचे चरित्र वारंवार समोर येते. विदुषी, समाजसुधारक, विधवांची कैवारी आणि वादळी व्यक्तिमत्त्व म्हणून पंडिता रमाबाई महाराष्ट्राला परिचित आहेत. परंतु चर्च म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर, केडगावच्या माळरानावर स्वतःच्या हातांनी उभे केले, ही बाजू तुलनेने कमी सांगितली जाते.

भटकंतीतले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. स्त्रीने संस्कृत शिकणे पाप मानले जाण्याच्या त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल धर्मसभेला तोंडही दिले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीला ती विद्या दिली. घर असे राहिलेच नाही. तीर्थामागून तीर्थे करीत, देवळांच्या ओवऱ्यांत पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडत राहिले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक गेली. उपासमारीने घरची माणसे मरताना पाहिलेली ही सोळा वर्षांची मुलगी भाऊ श्रीनिवास याच्यासोबत पायी चालत राहिली. रमाबाईंच्या पुढल्या आयुष्यातील अनेक निर्णयांचे मूळ या दिवसांत आहे. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन झुगारून नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पतीच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत होती. ती त्यांनी वाचली होती. परंतु त्या वेळी ते केवळ वाचनच होते.

पुणे आणि पंचहौद

१८८२ मध्ये कडेवर मुलगी घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना भारतीय स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हवेत, अशी आग्रहाची मागणी केली.

त्या काळी पंचहौद हे पुण्यातील ख्रिस्ती कार्याचे एक प्रमुख ठाणे होते. इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरी समाजाच्या भगिनी तेथे शाळा आणि सेवाकार्य करीत. रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय झाला. फादर नेहेम्या गोरे हे काशीत वाढलेले, संस्कृत दर्शनांत मुरलेले चित्पावन ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झालेले. ते रमाबाईंना भेटत आणि तत्त्वचर्चा होत. गोऱ्यांच्या विद्वत्तेचा त्यांच्यावर प्रभाव पडला. तरीही ख्रिस्ती होण्याचा विचार त्यांनी केला नव्हता. वैद्यकीय शिक्षण घ्यावे, हा त्यांचा त्या वेळचा ध्यास होता. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज करून १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या आणि वाँटेजच्या भगिनींच्या मठात उतरल्या.

फुलहॅममधील घर

तेथे जे घडले, ते रमाबाईंच्या चरित्राचे मर्म आहे. पंडितांच्या सभा जिंकणाऱ्या या स्त्रीचे मन कोणत्याही वादविवादाने जिंकले गेले नाही. भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपले काम पाहण्यासाठी पाठवले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जात असे. ज्या स्त्रियांची सावलीही प्रतिष्ठितांना नको होती, त्यांची प्रेमाने शुश्रूषा करणाऱ्या भगिनी रमाबाईंनी तेथे पाहिल्या. यामागची प्रेरणा कोणती, असे त्यांनी विचारले, तेव्हा विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि तिला न हिणवता तिच्याशी बोलणाऱ्या ख्रिस्ताची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. सेवेचे ते दर्शन आणि ती कथा या दोहोंनी मिळून त्यांचा निर्णय घडवला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा घेतला, तरी स्वतःची बुद्धी त्यांनी कुणाच्या स्वाधीन केली नाही. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, ठराविक मतांगीकार यांवर भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेली ही पत्रे आजही वाचण्यासारखी आहेत. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, भारतीय ख्रिस्ती माणसाला समजणारी भाषा का नको, असा त्यांचा रोकडा सवाल होता. पोशाख भारतीय राहिला, आहार शाकाहारीच राहिला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली, तेव्हा तो हस्तक्षेप त्यांना अतिशय झोंबला. एका धर्मातील पुरोहितशाही नाकारून आलेल्या स्त्रीने दुसऱ्या धर्मातील पुरोहितशाही मुकाट्याने स्वीकारावी, हे घडणे शक्य नव्हते.

श्रवणशक्ती मंदावत गेल्याने वैद्यकाचे स्वप्न मावळले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच जवळपास तीन वर्षे राहिल्या. बालोद्यान पद्धतीचा अभ्यास, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील १८८७ चे गाजलेले इंग्रजी पुस्तक आणि शेकडो व्याख्याने यांतून बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतातील विधवागृहासाठी तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे ठरवले.

शारदा सदन आणि पुण्याचा रोष

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाल्या. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यात आले. वर्ष ध्यानात घेण्याजोगे आहे. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे निमित्त होऊन रानडे आणि लोकमान्य टिळकांसह अनेक मान्यवरांवर ग्रामण्याचे गंडांतर आले, तेही याच वर्षीच्या चहापानामुळे. ज्या शहरात ख्रिस्ती माणसांकडे चहाचा पेला तोंडाला लावणे हा गुन्हा ठरत होता, तेथे एक ख्रिस्ती स्त्री ब्राह्मण विधवांसाठी घर चालवू पाहत होती.

शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक असेल, असे अभिवचन रमाबाईंनी दिले होते. सोवळ्याओवळ्याची सोय होती, पूजाअर्चेला मनाई नव्हती. परंतु त्या स्वतः रोज सकाळी मनोरमेसह प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. कुणाला यायला सांगायचे नाही आणि आलेल्याला हाकलायचेही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. पालकांना मात्र तो विश्वासघात वाटला.

१८९३ मध्ये हा वाद पराकोटीला गेला. केसरीने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुलींना घरी नेण्यात आले. त्या वादात दोन्ही बाजूंना सत्याचा काही अंश होता, असे आज म्हणावे लागेल. परान्नावर वाढणाऱ्या, निराधार मुलीचे मन वडीलधाऱ्या संचालिकेच्या श्रद्धेकडे झुकणे कितपत स्वतंत्र असते, हा टीकाकारांचा प्रश्न गैरलागू नव्हता. दुसऱ्या बाजूला, त्या मुलींना घरी परत नेणाऱ्यांपैकी कितीजण त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहणार होते, हा रमाबाईंचा प्रश्नही तितकाच खरा होता. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्वतंत्र अनाथ बालिकाश्रम काढला, त्यामागे या अनुभवाचा बोध होता. पुण्याच्या स्त्रीशिक्षणाला या संघर्षातून एकाऐवजी दोन घरे मिळाली. रमाबाईंनी मात्र पुण्याचा लोकाश्रय कायमचा गमावला.

शहरात जागा नव्हती

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडल्याचे ऐकताच रमाबाईंना आपले सोळावे वर्ष आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याकडेला, निर्वासितांच्या छावण्यांत, झाडांखाली सापडणाऱ्या मुली आणि तरुण विधवा त्यांनी गोळा केल्या. कुणाच्या अंगावर चिंध्या, कुणाच्या अंगावर फोड. काहींना दुष्काळापेक्षाही वाईट माणसांच्या तावडीतून सोडवावे लागले. काही महिन्यांत ही संख्या तीनशेच्या आसपास पोहोचली. आतापर्यंत सदनाचे दार मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळाने ती चौकट मोडली. भुकेला जात नसते, हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते.

पण या मुली आणायच्या कुठे? पुण्यात प्लेग येऊन ठेपला होता. इतक्या नव्या माणसांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी काही वर्षांपूर्वी शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. सदनाला पुढेमागे उत्पन्नाचे साधन असावे, एवढाच तेव्हाचा हेतू. शहराने जागा नाकारलेल्या त्या मुली या शेतावर तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागल्या. बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नसल्यामुळे गव्हाणीत ठेवलेल्या बाळाची कथा दर नाताळात सांगितली जाते. केडगावची सुरुवात त्याहून फार वेगळी नव्हती.

प्लेगच्या काळात पुण्यातील इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये मुंबईतील एका ख्रिस्ती नियतकालिकातून जाहीर आवाज उठवला. सरकार ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, म्हणून गप्प बसावे, हा विचार त्यांना शिवला नाही. हिंदू समाजाला जाब विचारणारी लेखणी गोऱ्या सरकारला जाब विचारतानाही तितकीच धारदार होती.

जमिनीवर बसणारी मंडळी

केडगावच्या वस्तीला मुक्ती हे नाव मिळाले. १८९९ मध्ये तेथे प्रार्थनामंदिराची पायाभरणी झाली. पाठोपाठ १९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ आला आणि मुक्तीतील माणसांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मोठ्या वस्तीचे ते मंदिर केवळ रविवारच्या उपासनेपुरते राहणे शक्यच नव्हते. आठवडाभर तेथे शाळा भरे, बैठका होत. बाके नव्हती, सगळ्या जणी जमिनीवर बसत.

उपासनेनंतर प्रत्येकीला काम असे. विहिरी खोदल्या गेल्या, शेती फुलली. हातमाग, तेलघाणा, गोठा, स्वयंपाकघर, दवाखाना, छापखाना यांतून एकेक विभाग उभा राहिला. काल ज्या मुलीला उचलून आणले होते, तीच आज नव्याने आलेल्या मुलीला न्हाऊ घालीत असे, हे मुक्तीचे खरे रहस्य होते. येथे सेवा करणारे आणि सेवा घेणारे असे दोन वर्ग फार काळ राहत नसत. समाजाने बदनाम ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढण्यात आले. त्यात फुलहॅमची आठवण होती. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना वाचता येऊ लागले. वृद्धांसाठी आणि मुलग्यांसाठीही वेगळी सोय झाली.

रमाबाईंनी आपली मंडळी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधली नाही. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असे भेद परदेशातील इतिहासातून आलेले असून ते भारतीय माणसावर लादण्याचे कारण नाही, असे त्यांना वाटे. भजने, कीर्तने, देशी चाली यांना त्यांच्या उपासनेत मानाचे स्थान होते. त्याच सुमारास अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंग आणि भजनाच्या वाटेने मराठी ख्रिस्ती उपासनेला मातीचा सुगंध देत होते. आज पुण्यातील मराठी मंडळ्या नाताळात टाळ-मृदंगावर गातात, त्यामागे या पिढीची मेहनत आहे.

१९०५ हे वर्ष मुक्तीच्या इतिहासात विशेष ठरले. वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठी आपखुशीने पुढे येण्याचे आवाहन केले. आरंभी सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. आसपासच्या खेड्यांत जाऊन काम करण्यासाठी स्वयंसेविका हव्यात, असे त्यांनी सांगताच ३० तरुणी उभ्या राहिल्या. त्यानंतर मुक्तीत झालेल्या आध्यात्मिक जागृतीची वार्ता दूरवर पसरली. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली पुस्तिका थेट दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोहोचली आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीच्या प्रेरणांपैकी एक ठरली. चर्चच्या जागतिक इतिहासात केडगावचे नाव येते ते यामुळे, आणि त्याचा आरंभ परदेशी धर्मपंडितांपासून नव्हे, तर दुष्काळातून वाचलेल्या मराठी, गुजराती, हिंदी बोलणाऱ्या मुलींपासून झाला होता.

अखेरचे पान

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी एका प्रचंड कामाला वाहिली. बायबलचे तत्कालीन मराठी भाषांतर खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला जड जाते, असे त्यांचे मत होते. पन्नाशीच्या आसपास असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यास आरंभ केला. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छपाई ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. क्रुसावरील लॅटिन शब्दांना हरकत घेणाऱ्या तरुणीने चाळीस वर्षांनंतर स्वतःच त्या प्रश्नाचे उत्तर दिले होते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. परंतु २४ जुलै १९२१ रोजी त्यांच्या कामाची वारसदार, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ज्या स्त्रीने आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांना चोवीस वर्षांची होण्याआधीच गमावले होते, तिच्या वाट्याला उतारवयात हेही आले. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे केल्यानंतर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले, ते पाहण्यास त्या नव्हत्या.

ज्या बिशपांशी त्या वाद घालत आल्या, त्यांच्याच चर्च ऑफ इंग्लंडने पुढे आपल्या स्मरणदिनांच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या नावे राखून ठेवला. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. ज्या पुण्याने त्यांना दूर केले, त्या पुण्यालाही आज त्यांचा अभिमान वाटतो.

मुक्तीचे काम केडगावात आजही चालू आहे. निराधार मुली, विधवा, अंध आणि वृद्ध स्त्रियांना तेथे आसरा मिळतो. नाताळच्या तयारीत गुंतलेल्या पुण्यातील कार्यकर्त्यांना रमाबाईंचे नाव रोज आठवत असेलच असे नाही. पण चांदण्या बांधून झाल्यावर तांदळाची पोती मोजणारी तरुण मुले, रुग्णालयात गाणी म्हणून आल्यावर पुन्हा मंदिराची फरशी पुसायला बसणाऱ्या स्त्रिया, आपले नाव कुठेही न लावता कपड्यांची गाठोडी पोहोचवणारे वृद्ध गृहस्थ, ही सारी रमाबाईंच्याच मंडळीतली माणसे आहेत. चर्च ही इमारत नव्हे, पंथ नव्हे आणि अधिकारपदही नव्हे. ज्याला कुठे जागा नाही, त्याच्यासाठी सरकून जागा करणारी माणसे म्हणजे चर्च, ही त्यांच्या जवळपास चौसष्ट वर्षांच्या अखंड वाटचालीची शिकवण आहे. नाताळच्या रात्री बारा वाजता घंटा वाजेल, तेव्हा तो अर्थ ध्यानी राहिला, तर केडगावच्या माळरानावर राबलेल्या त्या हातांचे सार्थक होईल.